कुलपातली साखर

इन्सुलिन देऊन तास झाला तरी न्याहारी आली नाही, तेव्हा व्हर्जिलने आश्रयगृहाच्या कर्मचाऱ्याच्या, ग्लेनच्या, नाकावर ठोसा हाणला. ग्लेनने त्याला पाडून छातीत गुडघा रोवला.

"डोकं फिरलं याचं! पोलिसांना बोलवा!"

"डोकं नाही रे, साखर उतरलीय," शेजारच्या खोलीतली मार्लिस दारातून ओरडली. "घाम बघ त्याचा! रस दे!"

"गप म्हातारे, तुला भासात ऐकू येणारे आवाज सांगतात वाटतं?"

मधुमेहींचं घर, म्हणून रसासकट गोड सगळं काचेच्या कपाटात, कुलपात. मार्लिसने खुर्ची उचलली. दुसऱ्या घावाला कपाट फुटलं. तिसरा घाव ग्लेनच्या पाठीत, कारण तो व्हर्जिलच्या छातीवरून उठेना. काचेने फाटलेल्या हातांनी तिने व्हर्जिलला रस पाजला.

पोलिसांनी तिला बेड्या घातल्या, तेव्हा व्हर्जिल उठून बसला होता.

"मार्लिसने काय केलं?" तो विचारत होता.