खैरी फाटकावरचा थांबा

विपुलनं फॉर्म फाटकाच्या चौथऱ्यावर पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार संत्री ठेवली. गाडी बंद पडली त्याच वर्षी फाटक चोरीला गेलं होतं. चौथरा जड होता, म्हणून राहिला.

समोर शकुंतलेचे, त्या बंद पडलेल्या छोट्या गाडीचे, रूळ होते, निदान असावेत असं मानायला जागा होती. बाभळींमधून अडीच फुटांची एक मोकळीक दर्यापूरच्या दिशेनं गेलेली दिसत होती. आता इथून मोठी गाडी जाणार म्हणत होते. सर्व्हेचे साहेब आज चार वाजेपर्यंतच दर्यापुरात बसणार होते आणि ज्या गावाचा जुना थांबा लेखी सिद्ध होईल, त्याचंच नाव यादीत जाणार होतं. सिद्ध करणारा माणूस एकच उरला होता : नत्थुजी, वय अठ्ठ्याहत्तर, शकुंतलेचे निवृत्त गार्ड. त्यांना सकाळीच मूर्तिजापूरहून गाडी करून आणलं होतं. खैरी हे त्यांच्या लेकीचं, आरतीचं सासर. थांबा समितीचा अध्यक्ष देवमन हा त्यांचा जावई. तीन वर्षं चपला झिजवून त्यानं या फॉर्मवर त्रेपन्न सह्या गोळा केल्या होत्या. उरला होता एक रकाना.

"थांबण्याचं कारण," विपुलनं वाचलं. तो गावातलाच मास्तर, अक्षर चांगलं म्हणून समितीचा सचिव.

"फाटक," नत्थुजी म्हणाले. शकुंतलेवर तिकीट फाडायचं, उतरून फाटक लावायचं, गाडी पार झाली की मागं येऊन उघडायचं, सगळं गार्डाकडेच असे.

"फाटकाले दोन मिनिटं लागते, गार्डसाहेब. गाडी इथं पंधरा मिनिटं उभी राहे. आमच्या आबाले दाढी करून गाडी धरता ये."

"मंग इंजिनात बिघाड लिव्ह."

"तेरा वर्षं? रोज? एकाच लिंबाखाली? साहेबाले पटलं तं पाहिजे."

लोक हसले. समितीतल्या केशवरावांनी पान गालात सरकवलं. "लोकं तं म्हणत, बाई होती."

"होती," नत्थुजी म्हणाले.

हसू जागच्या जागी थांबलं. देवमन आपल्या चपलांकडे पाहू लागला. नत्थुजींनी टोपी काढली आणि उरलेलं उत्तर तिच्यात ठेवलं असावं तसं आत पाहिलं.

बायकांमधून आरती पुढं आली.

"लिहा, विपुलभाऊ. ती बाई म्हणजे मी. लेकीले लेकरू होत नाही तोवर बाप तिच्या घरचं पाणी पेत नाही. मले झालंच नाही. बाबानं रीत पाळली. इथं जागा रेल्वेची, घर माह्यं नाही. म्हणून मी डबा घेऊन ये अन् बाबा लिंबाखाली जेवे. तवर लोकं गाडीत चढत. झाला थांबा."

रेशनकार्डावरचा मजकूर वाचावा तसं तिनं हे सांगितलं. विपुलनं खाली मान घालून लिहिलं, 'मुलीस अपत्य नसल्याने वडील तिच्या घरी अन्न घेत नसत, सबब गाडी येथे थांबत असे.' मग पेन नत्थुजींच्या हातात दिलं.

त्यांनी सही केली नाही.

"असं नाही हे," ते म्हणाले.

"कसं नाही?"

"पाण्याचं माह्या मनात कधीच नव्हतं. मी घरी आलो असतो तं तुह्या सासूनं समोर बसून जेवू घातलं असतं. इंदूबाई वाईट नव्हत्या, पण समोरून उठत नव्हत्या. तू दाराआडून बोलली असती, 'बरी हावो बाबा.' बस, एवढंच. म्हणून मी रीत काढली. रीत म्हटल्यावर त्या काय बोलतीन? डबा घेऊन तुले एकटीले इथं धाडाच लागे."

"अन् लेकरू झालं असतं तं?"

"दुसरी रीत काढली असती."

कुणीतरी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुले खोटं बोलता येत नाही, माय. घरात शिरताच तोंडावर दिसलं असतं."

आरतीनं चौथऱ्यावरचं एक संत्रं उचललं, काय करावं ते न कळून हातात फिरवलं. फॉर्मचा कोपरा फडफडू लागला.

"मी समजून राहिली का माह्यापायी..." एवढं बोलून ती थांबली. मग वाकून तिनं ती ओळ शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं. "हे खोडा, विपुलभाऊ."

"खोडता येत नाही, वहिनी. खाडाखोड असली का फॉर्म घेतच नाहीत. नवा आणून चार वाजेपर्यंत त्रेपन्न सह्या कुठून करू? अर्धं गाव कापूस वेचाले गेलं."

"खरं नाही ते. खोडा."

सगळे देवमनकडे वळले. त्यानं घड्याळ पाहिलं. पावणेतीन. मग बायकोच्या बोटाखालची ओळ वाचली, पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचली. त्या ओळीत त्याचं नाव नव्हतं, पण इतकी वर्षं तोही त्याच ओळीत राहत होता.

"खोड," तो म्हणाला.

विपुलनं पट्टी मागितली. पट्टी कुणाकडेच नव्हती. त्यानं हातानंच रेघ मारली, मग तिच्यावर दुसरी, तिसरी. वाकड्याच गेल्या, पण खालचं एकही अक्षर वाचता येईना.