ईशान्येचं दार

ओनोदेरा-साननी पुठ्ठ्याच्या छोट्या घराचं दार नखाने उचकटलं आणि अलगद टेबलावर ठेवलं.

"इथे नको."

अश्लेषा त्या दाराकडे पाहत राहिली. जपानात, सेंदाईच्या ऑफिसात आल्यापासून तिच्या एकटीच्या हातचं हे पहिलं घर. हॉलंडहून फुलांचे कंद मागवता मागवता ओनोदेरांच्या बायकोने तिथल्यासारखं घर मनात धरलं होतं. ती गेल्यावर म्हातारा ते बांधायला निघाला होता. अश्लेषाने थेट याकोब फान काम्पेनच गाठला. चारशे वर्षांपूर्वी त्याने हॉलंडच्या उंच, निमुळत्या वास्तूंना रोमन देवळांची शिस्त लावली. सपाट खांब, त्रिकोणी माथा, मधोमध दार, आणि डावीकडे जे तेच उजवीकडे. दार हललं की सगळं घरच लंगडं.

"नकाशा तर पाहिला होतात तुम्ही."

"दिशा आज पाहिली. ईशान्य. तिथून भुतं शिरतात. दार टोकाला घ्या."

शेजारच्या टेबलावरून ओजस मराठीत पुटपुटला, "घ्या! पुण्याच्या बाईंनी ऑफिसभर ईशान्य शुभ म्हणून मिरवलं होतं."

"गप रे."

खरंच मिरवलं होतं. ती ओनोदेरांपुढे वाकली. "चूक माझी. आमच्यात ईशान्य सगळ्यांत चांगली, म्हणून विचारायचं सुचलंच नाही."

"तुमच्याकडे तिथे काय असतं?"

"देवघर."

"आणि भुतं?"

"देव बसलेले असतात ना. कुठून शिरणार?"

ओनोदेरांनी पुठ्ठ्याचं दार उचलून परत जागेवर टेकवलं.

"दार मधेच राहू दे," ते म्हणाले. "पण बंद. मी मागून ये-जा करीन. दाराच्या डावीकडच्या खोलीत हिचा फोटो ठेवू, उदबत्ती लावू. ही बसली की कुणाची आत शिरायची छाती नाही. माझीच होत नसे."

ओजसने अंगठा वर केला. घर वाचलं होतं.

"सकाळचं ऊन थेट त्या खिडकीत येईल," अश्लेषा म्हणाली. "आवडायचं त्यांना?"

"ऊन? नऊच्या आत डोळा उघडला नाही कधी तिने."

अश्लेषाने पेन्सिल उचलली. डावीकडच्या खिडकीला लाकडी झडपा काढल्या, मिटलेल्या.

ओजस वाकून बघत होता. "अगं, उजवीकडे काढायच्या राहिल्या."

"राहू देत," ती म्हणाली.