बत्तीस बोअर

चाप ओढला गेला, पण बार झालाच नाही. नुसतं ‘टक्’ झालं. तरीही पिस्तुलाची नळी खाली झुकली आणि गिरिजाचे डोळे घट्ट मिटले.

“देख लिया?” दहिया सर मागून म्हणाले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा रोहतकचा माणूस आता या रेंजवर हौशी लोकांना नेमबाजी शिकवत होता. त्यांनी तिच्या नकळत मॅगझिनमध्ये एक नकली काडतूस घातलं होतं. “गोली तो चली ही नहीं मैडम जी. झटका बंदूक ने नहीं दिया, आपने दिया. आवाज़ आने से पहले ही आप डर गईं.”

गिरिजानं पिस्तूल टेबलावर ठेवलं.

“टू-टू में आपका हाथ इतना अच्छा है,” सर समजावू लागले. “उसी में रहिए. आपको कौन सा ओलंपिक जाना है?”

“नहीं सर,” ती म्हणाली. “बत्तीस ही चलाऊँगी.”

दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असलेली, निवृत्तीला वर्षभर उरलेली ही बाई दर शनिवारी नोएडाहून पिस्तूल चालवायला येते, याचं ऑफिसात सगळ्यांना नवल वाटे. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या सहलीत ती पहिल्यांदा रेंजवर आली होती. इतर बायका फोटो काढून चहाला गेल्या, ही मात्र तिथेच रेंगाळली. बावीस बोअरच्या, म्हणजे सरांच्या ‘टू-टू’च्या, पिस्तुलाचा आवाज लहान, धक्का त्याहून लहान. कानावर मफ चढवले, श्वास रोखला, की समोरच्या काळ्या वर्तुळापलीकडे जग उरत नसे. इतकी शांतता तिला आयुष्यात क्वचितच लाभली होती.

पण शेजारच्या लेनमध्ये कुणी बत्तीस बोअर चालवलं, की मफ असूनही तिचे डोळे मिटत आणि खांदे कानांकडे चढत. बाकीच्यांना काही होत नसे. आपल्याला का होतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तिचा संसार झाला. नवऱ्याचा, जयंतचा, राग अख्ख्या ब्लॉकला माहीत होता. भाजीत मीठ कमी पडलं, इस्त्री राहिली, लेकीला, कृतिकाला, गणितात मार्क कमी पडले, कशावरूनही तो पेटे. ताट भिंतीवर जाई, नाहीतर मूठ टेबलावर आपटे. बायकोवर त्यानं कधी हात उगारला नव्हता आणि हे तो अभिमानानं सांगत असे. त्या घरात मिक्सर लावायच्या आधीसुद्धा ‘मिक्सर लावतेय हं’ असं सांगायची पद्धत पडली होती. कृतिका आता बंगळूरला स्वतःच्या घरात राहते, तरी ती अजून तसंच सांगते. नवरा हसतो म्हणे.

मग जयंतची बायपास झाली आणि त्याचा राग जणू कुणी काढून घेतला. आता तो बाल्कनीत मोगरा लावी, लिफ्टमध्ये पोरांना चॉकलेटं देई. “तुमचे मिस्टर म्हणजे देवमाणूस!” सोसायटीतल्या बायका म्हणत. गिरिजा मान डोलावी. ते खोटं नव्हतंच. माणूस बदलला होता. तिचे खांदे तेवढे बदलले नव्हते.

आणि म्हणूनच बत्तीस. बावीसमध्ये ती कितीही तरबेज झाली, तरी ते सोपं होतं. ज्याला भ्यायचंच नाही, त्याच्यासमोर धीट असण्यात काय अर्थ?

तिनं सराव धरला. सकाळ-संध्याकाळ ओला टॉवेल पिळून मनगट कमावलं. रिकामा हात समोर धरून मिनिटभर स्थिर ठेवला. मिक्सर लावताना ओट्याशी उभी राहून डोळे उघडे ठेवायची सवय केली. दर शनिवारी दहिया सर गुपचूप नकली काडतूस घालत आणि दर शनिवारी नळी झुके. कधी जास्त, कधी कमी.

एकदा चहा घेताना जयंतला तिच्या अंगठ्याच्या बेचक्यातला काळानिळा डाग दिसला.

“अगं, हे काय झालं?”

“पिस्तुलाचा धक्का बसतो. जरा मोठं घेतलंय.”

“या वयात मोठं कशाला? छोटं बरं होतं की. जिवाला त्रास कशाला करून घ्यायचा, यार?”

“मला हवंय म्हणून.”

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, “या शनिवारी मी येऊ? बघेन तरी, काय करतेस ते.”

नको म्हणायला तिला कारण सापडलं नाही.

शनिवारी सरांनी त्याला अगत्यानं मागच्या बाकावर बसवलं आणि कानांना मफ दिले. गिरिजा लेनमध्ये उभी राहिली. पहिला बार झाला. काचेपलीकडची कबुतरं उडाली. दुसरा झाला. तिसऱ्याला नुसतं ‘टक्’ झालं आणि नळी झुकली. खांदे वर गेले, मान आत गेली, डोळे मिटले.

दहिया सर वैतागले नाहीत. मफ सरकवून ते जयंतकडे वळले आणि सहज, घरच्यासारखं म्हणाले, “साहब, आप ही बताइए. बंदूक से तो ये डरती नहीं. फिर किस चीज़ का डर बैठा है? बचपन में कोई पटाखा फटा था क्या?”

जयंतनंही मफ काढले होते. तो गिरिजाच्या खांद्यांकडे बघत होता. ते अजून पुरते खाली आले नव्हते. हे खांदे त्यानं जेवणाच्या टेबलापलीकडे किती वेळा पाहिले होते! पण तेव्हा त्याचं लक्ष ताटाकडे असायचं.

“सर, पाँच और भरिए,” गिरिजा मागे न बघता म्हणाली.

तिनं हात उचलला. बार. पुन्हा बार. मग ‘टक्’. नळी जरा थरथरली, पण झुकली नाही. डोळे उघडे होते, पाणावलेले, पण उघडे. चौथ्या वेळी मात्र ती पुन्हा दचकली आणि गोळी वर्तुळाबाहेर गेली. पाचवी नीट लागली.

“आधा काम हो गया,” सर म्हणाले.

“बाक़ी आधा भी होगा. लाइसेंस के लिए अर्ज़ी दूँगी, तो बत्तीस की ही दूँगी.”

“बिल्कुल,” सर हसले. या खेपेला त्यांनी तिला समजावलं नाही.

पार्किंगपर्यंत दोघं चालत गेली. गाडीजवळ जयंत थांबला.

“गिरिजा, ते सगळं... मला वाटलं होतं, तू कधीच विसरली असशील.”

“तुम्ही विसरलात?”

“बरंचसं. मला माफ...”

“आत्ता नको,” ती म्हणाली. शब्दांत राग नव्हता. “आत्ता माझे हात दुखतायत. घरी बोलू.”

ती गाडी चालवायला बसली. जयंत शेजारी बसला. त्यानं दार इतकं हळू ओढलं, की ते लागलंच नाही आणि समोर डॅशबोर्डवर दाराचा लाल दिवा तसाच पेटून राहिला. त्याला तो दिसत होता, तरी हँडलवर हात ठेवून तो नुसता बसून राहिला.

“दार लागलेलं नाही,” गिरिजा म्हणाली.

“हो.”

“जोरात लावा.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग दार उघडलं आणि ओढून आपटलं.

आपले डोळे मिटले की नाही, हे तिलाही कळलं नाही. ती आरशात बघत गाडी मागे घेत होती.