कॉलात न धरलेलं बोलणं

ही गोष्ट दोन हजार पाच सालची. पुण्याजवळच्या माणमध्ये तेव्हा भातखाचरांच्या मधोमध चार-चार मजली इमारती उठत होत्या, आणि इंटरनेट अजून टेलिफोनच्या तारेतूनच यायचं. ते चालू असलं की फोन लागत नसे, आणि फोन करायचा तर ते तोडावं लागे.

नलिनीबाई घरमालकीण गोजराबाईंच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर भाड्याने राहत. मुलगा अनिमेष आयटी पार्कात नोकरीला लागला म्हणून त्या पौडहून इथे आल्या, आणि वर्षभरात कंपनीने त्यालाच परदेशी धाडलं. मागे राहिले त्याचा संगणक आणि आई. त्या संगणकावर मराठी लिहायला त्यांना वरच्या मजल्यावरच्या पियूषने शिकवलं. पियूष अकोल्याचा. नोकरी सांभाळून तो 'खटपट' नावाचं एक संकेतस्थळ चालवायचा. कुणाचा संगणक अडला की त्याने तिथे मराठीतून प्रश्न टाकायचा आणि जाणकारांनी सवडीने उत्तर द्यायचं.

एकदा तिथे एका नवख्याला मिळालेलं उत्तर नलिनीबाईंनी वाचलं. "आधी नियम वाचा. हे शंभरदा विचारून झालंय." तो माणूस पुन्हा फिरकला नाही.

"दारात आलेल्याशी असं बोलतात का रे?" त्यांनी पियूषला विचारलं.

"मग तुम्हीच बघा ना काकू, नव्या लोकांकडे!"

तो चेष्टेत म्हणाला, त्यांनी मनावर घेतलं.

पौडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांची बावीस वर्षं गेली होती. मुंबईला बोलायचं तर तेव्हा ट्रंक कॉल नोंदवून दोन-दोन तास फोनपाशी बसावं लागे. माणूस दोन तास थांबतो, पण गप्प पडलेल्या फोनपाशी त्याचा धीर सुटतो, हे त्यांना तिथे कळलं. म्हणून त्या मधूनमधून लाईनवर येऊन सांगायच्या, "प्रयत्न चालू आहे. उठून जाऊ नका." कुणाची बाळंतीण लेक मुंबईत, कुणाचा भाऊ दवाखान्यात. त्या एवढ्या शब्दावर माणसं तग धरत.

तेच त्यांनी खटपटीवर सुरू केलं. कुणी नवीन प्रश्न टाकला की तासाभरात खाली त्यांच्या दोन ओळी असत. "या. कुठून लिहिता? प्रश्न वाचला, इथली जाणकार मंडळी बघतील. जाऊ नका." दोन-तीन दिवसांत कुणी आलं नाही तर पुन्हा, "अजून प्रयत्न चालू आहे." वहीत त्या नाव, गाव आणि अडचण टिपून ठेवत. कोण जाणकार कशात हुशार, तेही मागच्या पानावर. दिवसभर एकटं असणाऱ्या बाईला सकाळी उठायला कारण मिळालं होतं.

गोजराबाई दारात तांदूळ निवडत बसायच्या. "काय वं नलिनीबाई, वळख ना पाळख, कुनाला या-बसा करतायसा त्या डब्यातनं?"

"पाहुणे येतात हो."

"च्या तरी पाजतायसा का न्हाई?"

असे तीन महिने गेले. श्रावणातल्या एका शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, साडेनऊच्या सुमाराला पियूष खाली आला. चहाची कपबशी दोन्ही हातांत घट्ट धरून बसला.

"बोल की. बशी फुटेल अशी धरलीयेस."

"काकू, रागावू नका. जाणकार मंडळी म्हणतायत, स्वागत बंद करा."

"का? माझं काही चुकलं?"

"चूक माझी आहे, मी सांगायला हवं होतं. ही मंडळी सगळं वाचत नाहीत. 'उत्तर न मिळालेले प्रश्न' म्हणून एक यादी आपोआप तयार होते, तेवढीच उघडतात. प्रश्नाखाली कुणीही दोन शब्द लिहिले की तो प्रश्न यादीतून जातो." त्याने कप खाली ठेवला. "तुम्ही 'या' म्हणता, आणि यादीच्या लेखी त्याला उत्तर मिळालेलं असतं."

नलिनीबाईंना समजायला क्षणभर लागला. जितक्या लगबगीने त्यांनी माणसांना थांबवून घेतलं, तितक्या लगबगीने त्यांना सगळ्यांच्या नजरेआड केलं होतं. आणि ती माणसं त्यांच्या शब्दावर थांबली होती.

त्यांनी वही उघडली. उत्तर न आलेली चौतीस नावं होती. त्यातल्या एकावर बोट थांबलं.

"पियूष, ही गौतमी. मालेच्या शाळेत शिक्षिका आहे. सासूची भातलावणीची बासष्ट गाणी तिने शाळेच्या संगणकावर टाईप केलीत. सासूची वाचा गेलीय, आता पुन्हा सांगणारं कुणी नाही. जुन्या संगणकाचा पडदा काळा झाला. फ्लॉपी नव्यात घातली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मी तिला तीनदा लिहिलंय, प्रयत्न चालू आहे म्हणून."

"सोपं आहे हो. अक्षरांचा फॉन्ट जुन्यात राहिलाय. तो तिकडून उचलून नव्यात टाकायचा."

"कालच तिने लिहिलंय, जुना संगणक आज अकरा वाजता भंगारवाला नेणार आहे."

पियूषने घड्याळ पाहिलं. पावणेदहा झाले होते. "माले इथून तासाभराच्या वर. पोचत नाही आपण."

नलिनीबाईंनी उठून इंटरनेट तोडलं आणि फोन उचलला. मालेला नरहरी राहायचा, त्यांच्या एक्स्चेंजचा निवृत्त लाईनमन. नंबर वहीत बघावा लागला नाही.

"नरहरी, पौडहून नलिनी बोलतेय." माणमध्ये येऊन वर्ष उलटलं तरी त्यांच्या तोंडून पौडच आलं.

"ऑपरेटरताई! लई दिसांनी! कुटं लाईन तुटली काय?"

"तुटायच्या बेतात आहे. शाळेतला जुना संगणक भंगारात चाललाय. मी येईपर्यंत तो हलता कामा नये."

"आन त्यो भंगारवाला ऐकंना तर?"

"ते तू बघ. खांबावर चढून बसायचास, तसा बस."

रेनकोट घालून त्या पियूषच्या मोटारसायकलवर मागे बसल्या. "पडशीला गं बये!" गोजराबाई दारातून ओरडल्या. घोटावडे मागे पडलं, पौड मागे पडलं. एक्स्चेंजच्या जुन्या खोलीला कुलूप होतं. एरवी त्या मान वळवून बघत, त्या दिवशी बघितलं नाही.

शाळेच्या व्हरांड्यात नरहरी संगणकाच्या डब्यावर मांडी घालून बसला होता. समोर टेम्पोवाला कपाळाला हात लावून उभा.

"आवं, ह्या म्हाताऱ्याला उठवा. मला फुडं भुकूमला जायचंय."

"ताई म्हनल्याबिगर उठायचा न्हाई, सांगितलं न्हवं? तंबाखू खा जरा."

गौतमी तिशीतली, हडकुळी बाई. तिने नलिनीबाईंना पाहिलं आणि जुनी ओळख असल्यासारखी म्हणाली, "तुम्हीच का 'जाऊ नका' म्हणणाऱ्या?"

नलिनीबाईंनी मान खाली घातली. "माझ्यामुळेच तुमचा प्रश्न दडला, बाई."

"मी तर केव्हाच नाद सोडला असता. रोज उघडून बघत होते, ते तुमच्या त्या ओळीमुळे."

पियूषने नव्याचा पडदा जुन्या डब्याला जोडला. डबा घुरघुरला, पडदा उजळला. फॉन्ट फ्लॉपीवर घेतला, नव्यात टाकला, फाईल उघडली. इंग्रजी अक्षरांचा काला होता त्या जागी मराठी ओळी उभ्या राहिल्या. नरहरी पुढे वाकून म्हणाला, "हे तर माज्या आईचं गानं हाय," आणि बेसूर गुणगुणू लागला.

परतताना पौडला चहाला थांबले. पियूष म्हणाला, "बाकीचे तेहतीस आपण दोघं मिळून जाणकारांच्या गळ्यात मारू. पण काकू, स्वागताचं काय करायचं?"

"आमच्याकडे ट्रंक कॉलच्या बिलाची तीन मिनिटं केव्हा सुरू व्हायची, ठाऊक आहे? दोन्ही बाजू बोलायला लागल्यावर. मी मध्ये कितीही बोलले तरी ते कॉलात धरत नसत. तुझ्या यादीला एवढं शिकवता येईल का?"

पियूषने रविवारभर खपून ते केलं. त्यानंतर नलिनीबाईंनी काही लिहिलं तरी यादी ते उत्तर धरत नसे. प्रश्न जाणकारांपुढे राही, आणि विचारणाऱ्यालाही कुणी तरी 'या' म्हणालेलं असे.

खटपट दोन हजार दहापर्यंत चालली. मग लोक दुसऱ्या संकेतस्थळांकडे गेले आणि पियूषने जड मनाने ती बंद केली. तो पुढे अकोल्याला परतला, तिथे संगणकाचे वर्ग घेतो. पहिल्या दिवशी मुलांना आधी गाव विचारतो. गौतमीच्या सासूबाई आणखी दोन वर्षं होत्या. गौतमी त्यांना गाणी वाचून दाखवायची, शब्द चुकला की सासूबाई बोटांनी खाटेवर टकटक करायच्या. बारा चुका अशा दुरुस्त झाल्या. नरहरी गेला. जाईपर्यंत तो आल्या-गेल्याला डब्यावर बसल्याची हकिकत सांगे, आणि दर वेळी टेम्पोवाला अधिक धिप्पाड होई. गोजराबाईंच्या इमारती आता तीन झाल्या, पण तांदूळ त्या अजून दारातच निवडतात.

अनिमेष परत आला तेव्हा खटपट बंद व्हायला आठवडा उरला होता. आईचं पान त्याने उघडलं. "आई, तू पाच वर्षं इथे होतीस म्हणतेस. तुझ्या नावापुढे तर 'दिलेली उत्तरं: शून्य' असं दाखवतंय."

"बरोबर आहे," नलिनीबाई म्हणाल्या, आणि त्याला जरा सरकायला सांगून खुर्चीत बसल्या. सकाळी चिखलीहून कुणी नवीन आलं होतं.