खडूचा नंबर

२००६ साली घाटंजीच्या कापूस खरेदी यार्डात मी कम्प्युटर ऑपरेटर होतो, आणि माझ्या मते तिथला एकमेव शहाणा. कापसाच्या बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, रांगेची यादी माझ्या लिनक्सवर होती. शिवाय मी मराठीत एक पुस्तिका लिहीत होतो, फाइलच्या गुणधर्मांवर. ‘ए’ हा गुणधर्म लावला की फाइलमध्ये फक्त शेवटी भर घालता येते, मधे कोणाला घुसवता येत नाही. यादीला मी तो लावलाच होता. ‘जे’ लावला की मजकूर आधी जर्नलमध्ये, म्हणजे नोंदवहीत उतरतो आणि मग फाइलमध्ये. लाइन, म्हणजे वीज, गेली तरी नोंदीवरून तो परत उभा करता येतो. ‘जे’वर मी दीड पान खर्ची घातलं. लावला मात्र नाही, कारण त्यानं काम हळू होतं. पुस्तिका वाचणार कोण, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

चौकीदार सेवादासकाका प्रत्येक बंडीच्या लाकडावर खडूनं नंबर टाकत आणि मगच माणूस माझ्याकडे पाठवत. एकच गोष्ट दोनदा लिहिणं मला शुद्ध अडाणीपणा वाटायचा. त्या सकाळी तांड्यावरच्या सहा बंड्या एकदम आल्या. मी सहाही नावं भरली आणि ऐटीत म्हणालो, ‘‘आता कम्प्युटरात आहे. खडू पुसून टाका.’’

मंडळी बाहेर पडली आणि लाइन गेली. यूपीएस दिवाळीतच मेला होता.

लाइन चार तासांनी आली. यादीतल्या शेवटच्या सहा नावांच्या जागी नुसता कचरा होता. तोवर मागे चाळीस बंड्या लागल्या होत्या, आणि उद्या संध्याकाळी खरेदी बंद होणार होती. या सहा जणांना शेवटी ढकललं असतं, तर त्यांचा कापूस तसाच घरी गेला असता.

काकांनी पाच बंड्यांवरचे नंबर वाचून दाखवले. सहावी कोरी होती. ती धनीबाईची.

‘‘तूच तं म्हनला बापू, पुसून टाका,’’ ती म्हणाली.

अख्ख्या यार्डात माझं ऐकणारी ती एकटीच निघाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धावत जाऊन पुस्तिका काढली आणि भराभर पानं उलटू लागलो. लिहिणारा मीच होतो, तरी त्यात काहीतरी सापडेल असं मला वाटत होतं.

‘‘कायले पुस्तक पाहून राह्यला?’’ काका म्हणाले. ‘‘दोनशे तेरा हाय, दोनशे पंधरा हाय. मंग हे कोन?’’

मी पुस्तिका मिटली. ‘ए’ काढून कचरा साफ केला, ‘जे’ लावला आणि दोनशे अकरापासून नावं भरायला बसणार, एवढ्यात धनीबाई दारात आडवी उभी राहिली. हातात काकांचा खडू.

‘‘पयले माह्या बंडीवर लिही,’’ ती म्हणाली. ‘‘मंग तुह्या डब्यात.’’

मी उन्हात जाऊन बंडीवर २१४ लिहिलं. तिनं ते जवळून पाहिलं, आणि मगच मला आत जाऊ दिलं.