पुलापाशी ठेवलेला कोट

पॉपचा कोट मी गुरुवारी धुतला. शुक्रवारी सकाळी तो घेऊन ते कूगरच्या, म्हणजे इकडच्या डोंगरी सिंहाच्या, मागावर गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मला शनिवारी कळलं आणि कुणी सांगावंही लागलं नाही.

पॉप म्हणजे माझे सासरे, व्हर्लिन स्टोडर्ड. आमच्या खोऱ्यात कुणाचं वासरू फाडलं गेलं की फोन आमच्याकडेच वाजायचा. आयुष्यभर त्यांनी माग काढणारी हाउंड जातीची कुत्री पाळली आणि त्यांच्या मागे डोंगर तुडवले. कूगरला ते नुसतं 'मांजर' म्हणत. "मांजर कालच्या रात्रीचं आहे." "मांजर म्हातारं आहे, पाय फाकवून चालतंय." मी कॉलेजात जीवशास्त्र शिकले होते, पण पंजाचा ठसा बघून जनावराचं वय ओळखणारा माणूस मी या घरात आल्यावरच पाहिला.

त्यांचा तो कोट स्वयंपाकघराच्या दाराआड असायचा. जाड लोकरीचा, लाल-काळ्या चौकटींचा. त्याला कुत्र्यांचा, झाडांच्या चिकाचा, तंबाखूचा, डिझेलचा आणि कित्येक हिवाळ्यांच्या घामाचा वास होता. चुलीची धग लागली की तो वास घरभर पसरायचा. माझी टिली तीन वर्षांची, तिला श्वासनलिकेचा त्रास. गावातल्या डॉक्टरांनी धूर, केस, धूळ यांपासून जपायला सांगितलं होतं. मी दोन-तीनदा म्हटलं होतं, "पॉप, कोट बाहेर पडवीत टांगाल का?" ते "हो हो" म्हणायचे आणि संध्याकाळी कोट परत दाराआड.

नोव्हेंबरात एका सकाळी मी दोरीवर चादरी घालत होते. टिली अंगणात घसरगाडी ओढत होती. मी सहज मान वळवली तर सरपणाच्या छपरावर कूगर पसरलेलं. उठलेलं नव्हतं, गुरगुरत नव्हतं. टिलीकडे बघत होतं आणि शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. धावायचं नाही, हे मला माहीत होतं. मी चालत गेले. वीसेक पावलं असतील. टिलीला उचललं, छातीशी धरलं आणि त्याच्याकडे तोंड ठेवून मागे मागे सरकत दारापर्यंत आले. ते तसंच पडून राहिलं. मी दार लावून कडी घातली.

त्यानंतर टिली बाहेर गेली नाही. खिडकीशी उभी राहून ती काचेवर वाफ सोडायची आणि मी तिच्या मागे उभी राहून छप्पर बघायचे. डेल, माझा नवरा, आधी थट्टा करायचा, "मेरन, त्या छपराचं आता तिकीट लाव." जानेवारीत झोक्याखाली पंजाचे ठसे दिसले, तेव्हा त्याची थट्टा थांबली.

त्या बुधवारी जेवताना मी म्हटलं, "पॉप, त्याला मारायला हवं."

ते बटाटे कुस्करत होते. "हं."

"हं म्हणजे?"

"म्हणजे कुत्री कुठायत? जेक अजून पिल्लूच आहे. एकटा माग सोडून हरणामागे पळेल."

"हॅटी आहे ना."

हॅटी चुलीपाशी झोपली होती. निळसर ठिपक्यांची, लांब कानांची, अकरा वर्षांची कुत्री. गेल्या वर्षीच पॉपनी जाहीर केलं होतं की तिचं काम संपलं. उठताना ती मागचा डावा पाय ओढायची. टिली चालायला शिकली ती तिचे कान धरून.

"तिची कंबर गेलीय, पोरी."

"एक दिवसाचंच काम आहे."

डेल म्हणाला, "फोर्क्स गावच्या लोकांना बोलवू. त्यांच्याकडे चार कुत्री आहेत."

"ते पुढच्या आठवड्यात येतील, नाहीतर त्याच्या पुढच्या," मी म्हटलं. मग पॉपकडे बघून म्हटलं, "तुम्हाला नात जास्त की कुत्री?"

डेलने माझ्याकडे बघितलं. पॉपनी काटा ताटात ठेवला, रुमालाने मिशी पुसली.

"नवीन बर्फ पडलं की जाऊ," ते म्हणाले.

बर्फ गुरुवारी पडलं. टिली रात्रभर खोकली होती. दुपारी ती झोपली आणि मी दाराआडचा तो कोट काढला. गरम पाणी, सोड्याचा साबण, दोन वेळा. पहिलं पाणी तपकिरी झालं, दुसरं राखाडी. तिसऱ्यांदा मी त्यात टिलीच्या दुपट्यांचा सुवासिक साबणही टाकला. चुलीपाशी खुर्चीवर पसरून वाळवला. मला फार बरं वाटलं. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात कोटाचा वास नव्हता.

शुक्रवारी पहाटे पॉपनी कोटाची बाही नाकाला लावली.

डेल म्हणाला, "पॉप, आज मांजर पळणार नाही. तुमच्याशी लग्नच करेल."

"माझ्या लग्नातसुद्धा माझा इतका छान वास येत नव्हता," पॉप म्हणाले. माझ्याकडे बघून मान हलवली, आभार मानल्यासारखी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला माहीत नव्हती असं मी म्हणू शकत नाही. मागावर गेलेली कुत्री कधी कधी रात्र पडली तरी परत येत नाहीत. कड्यापलीकडे हाक पोचत नाही. अशा वेळी इकडची माणसं जिथून कुत्री सोडली तिथेच आपला कोट जमिनीवर अंथरून घरी येतात. कुत्रं उलट्या पावली तिथवर येतं, मालकाचा वास घेतं आणि त्यावर अंग मुडपून पडून राहतं. सकाळी जाऊन आणायचं. आमचं लग्न ठरलं तेव्हा डेलने मला कोटावर झोपलेल्या हॅटीचा फोटो दाखवला होता. तीच या घराची मला झालेली पहिली ओळख.

त्यांनी हार्लन ओढ्याच्या पुलापाशी कुत्री सोडली. आमच्या घरापासून चार मैल. वारा अनुकूल असला की स्वयंपाकघरातून ऐकू येतं. नऊच्या सुमाराला मला हॅटीची हाळी ऐकू आली, लांब, ओढलेली, माग काढतानाची. टिलीने हातातला चमचा ठेवला. "हॅटी गातेय," ती म्हणाली. अकराला ती हाळी तुटक झाली, एकामागून एक ठोके दिल्यासारखी. म्हणजे कूगर झाडावर चढलं. मी उभी राहून गोळीच्या आवाजाची वाट बघत होते.

गोळी झाली नाही. पुढचं डेलने सांगितलं. पॉपना तो चढ चढायला उशीर लागला. ते झाडाखालच्या ओंडक्यावर दम खायला बसले, पाईप काढला, कारण मांजर वर निवांत होतं आणि हॅटी ते सोडणार नव्हती. डेल बंदूक घेऊन जागा बदलत होता, तेवढ्यात जेक घाबरून मागे सरकला आणि मांजराने वरूनच उडी टाकली. हॅटीच्या अंगावरून गेलं. तिच्या बरगडीवर पंजा लागला, पण ती थांबली नाही. दोघं कड्यापलीकडे. जेक आला तो डेलच्या पायांत.

अंधार पडेपर्यंत त्यांनी हाका मारल्या. मग पुलापाशी येऊन पॉपनी गाडीतून कोट काढला आणि फरच्या एका झाडाखाली अंथरला. नुसत्या स्वेटरवर ते घरी आले तेव्हा ओठ निळे पडले होते.

"हॅटी कुठाय?" टिलीने विचारलं.

"माझ्या कोटावर झोपायला गेलीय," ते म्हणाले. "सकाळी आणतो."

"मांजर?"

"मांजर दुसऱ्या गावाला गेलं."

मी सूप गरम करत होते. तेव्हाही, कोट मी धुतलाय, हे माझ्या लक्षात आलं नाही.

सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले, डेलला टिलीपाशी बसवून. का, कोण जाणे. मला वाटतं, त्या बुधवारच्या वाक्याची भरपाई म्हणून. गाडीत मी मांडीवर एक जुनी रजई आणि खिशात उकडलेलं मांस घेऊन बसले होते. रात्री बर्फ पडलं नव्हतं. आभाळ स्वच्छ होतं, थंडी इतकी की नाकातले केस चिकटत होते.

कोट जसाच्या तसा पडला होता. त्यावर कुणी नव्हतं.

पॉप वाकले. ओढ्याकडून कुत्र्याची पावलं आली होती, मागचा डावा पाय ओढलेला, मध्ये मध्ये रक्ताचा थेंब. कोटापासून हातभर अंतरावर पावलं थांबली होती. मग कोटाभोवती एक फेरी. मग दुसरी. मग एका जागी बर्फ दबून वितळून परत गोठलेलं. ती तिथे बसली होती. कोटाकडे तोंड करून बसली होती, कारण पुढच्या पंजांचे ठसे कोटाकडे होते. बराच वेळ बसली असणार.

पॉपनी कोट उचलला आणि नाकाला लावला.

मी म्हटलं, "मी धुतला होता."

"हो."

"पॉप, मी तो धुतला."

"मळलाच होता तो," ते म्हणाले. मग कोटाची घडी घालत, "काल चढावर गरम होईल म्हणून गाडीतच ठेवला होता मी. दिवसभर अंगावर नव्हता. स्वेटर ठेवायला हवा होता. सवयीने हात कोटाकडे गेला."

मला रागवायला ते तयार नव्हते. रागावले असते तर मला त्या बर्फात उभं राहता आलं असतं.

हॅटीची पावलं तिथून घराच्या रस्त्याला लागली नव्हती. ती पॉपच्या आदल्या दिवशीच्या बुटांच्या ठशांत शिरली होती. एकेका ठशात तिचा एकेक पंजा, आणि वर डोंगराकडे.

आम्ही दोन तास चढलो. मी रजई धरून पॉपच्या मागून जात होते. चढ जिथे खडा होता तिथे ती पडून परत उठल्याच्या खुणा होत्या, तीन ठिकाणी. कूगरचे ठसे मध्येच एकदा आडवे गेले होते, ताजे. तिने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

ती त्या ओंडक्यावर होती. पॉप जिथे बसले होते, बर्फ झटकलेल्या त्या हातभर जागेत, शेजारी पाईपची राख. अंग मुडपून, नाक शेपटीखाली. जशी फोटोत होती तशी. फक्त मिशांवर दव गोठलेलं होतं आणि ते वितळत नव्हतं.

पॉप तिच्या शेजारी बसले. हातमोजा काढून तिचा कान हातात घेतला, उलटा झाला होता तो सरळ केला.

"तू खाली जा, पोरी," ते म्हणाले. "टिली वाट बघत असेल."

मी रजई ओंडक्यावर ठेवली आणि खाली आले. मांस माझ्या खिशात तसंच राहिलं.

आता मार्च आहे. टिलीचा खोकला गेला. तो कोटामुळे होता की नव्हता, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. जेकला पॉपनी फोर्क्सच्या लोकांना देऊन टाकलं. फोन आला की ते त्यांचाच नंबर सांगतात.

कोट ते आता बाहेर पडवीत टांगतात. रोज, न सांगता. गेल्या रविवारी मी तो आत आणला, चुलीजवळ दाराआड त्याच खिळ्यावर लावला. चहा पिताना त्यांना दिसला. त्यांनी कप ठेवला, उठले, कोट काढला आणि बाहेर नेऊन टांगला.

"असू दे ना आत, पॉप," मी म्हटलं.

"बाळाला त्रास होतो," ते म्हणाले. आणि ते खरंच तेवढंच म्हणत होते.

काल झोक्याखाली परत पंजाचे ठसे दिसले. मी कुणाला सांगितलं नाही. खराट्याने ते पुसले आणि टिलीचा हात घट्ट धरून कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. ती सरपणाच्या छपराकडे बघत नव्हती. ती पुलाच्या रस्त्याकडे बघत होती.