दुखवट्याच्या घराचा शब्द

शाळा उघडायची की नाही ते गावानं ठरवावं, असं वरून सांगून आलं आणि गावाला एकदम आपण मोठं झाल्यासारखं वाटलं. एरवी वर्गाचा गळका पत्रा बदलायचा तर चार ठिकाणी हात जोडावे लागतात. आता कोरोनाची तिसरी लाट ऐन भरात, शहरातले दवाखाने पुन्हा भरायला लागलेले, आणि अशा वेळी म्हणे निर्णय तुमचा. चांगलं झालं तर आम्ही केलं, बिघडलं तर तुम्ही केलं, ही सरकारी रीत जुनीच आहे. शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात पालकांची सभा ठरली.

या सभेची सगळ्यात जास्त वाट पाहिली ती दगडाबाईनं. गाव पाचोडच्या बाजूचं, आणि गावाच्या कडेला मेंढरं राखणाऱ्यांची वस्ती, तिथली ही. स्वतः शाळेची पायरी चढलेली नाही, पण तिची सुकेशनी नववीत होती आणि नववीचं गणित ती आईला चुलीपुढं बसून समजावून सांगायची. आईला त्यातलं काही कळायचं नाही. पण ऐकायला फार गोड वाटायचं.

तिचा नवरा कारभारी वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. तो दिवसभर मेंढरांमागं, दगडाबाई दुसऱ्याच्या रानात मजुरीला, आणि घरी वयात आलेली पोर एकटी. शाळा चालू होती तोवर ती चार भिंतींत, गुरुजींच्या नजरेखाली असायची. दोन वर्षं शाळेचं दार कधी उघडं तर कधी बंद, त्यामुळं त्याच्या जिवाला घोर लागला होता. त्यात कन्नडकडून स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्याचा ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर, देण्याघेण्याची बोली नाही. पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न कायद्यात बसत नाही हे त्याला ठाऊक होतं. गावालाही ठाऊक असतं. अशी लग्नं दुसऱ्याच्या गावी, चार माणसांत उरकतात आणि कुणी विचारत नाही.

दगडाबाईनं घरात आकांत केला, चूल पेटवली नाही. तेव्हा कारभारी म्हणाला, "माझी जबान ऐक. ह्या महिन्यात शाळा उघडली, तर पोरगी दहावी होस्तोर लग्नाचं नाव काढनार नाय मी. नाय उघडली, तर मंग तू रडायचं नाय."

"व्हय," दगडाबाई म्हणाली. कारभारी शब्द दिला की पाळतो, हे तिला लग्नापासून माहीत होतं. त्याचीच तिला आशा होती.

सभेला निघताना सुकेशनीनं आईला काय बोलायचं ते पढवलं. "आई, इतकंच म्हण. मास्क लावू, पोरं लांब लांब बसवा, पण शाळा उघडा. आमच्या पोरी घरी बसून वाया जातात." दगडाबाई ते रस्ताभर पुटपुटत गेली. बाया हसल्या. एकीनं विचारलं, "काय गं, लग्नात उखाणा घ्यायचाय का?"

पटांगणात ताडपत्र्या अंथरल्या होत्या. माणसं लांब लांब बसवायची म्हणून पुंडलिक सरांनी माईक आणि भोंगा लावला होता. सर हेडमास्तर, मऊ स्वभावाचे. त्यांनी आधी सरकारचं म्हणणं वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाले, "पालक राजी असतील तर सोमवारपासून उघडू. बोला."

मग काय, माईक मिळाला की आपल्याकडं बोलणाऱ्यांची वानवा नसते. किराणा दुकानवाला हनुमान पहिला उठला. "पाचोडचा बाजार भरतो, लग्नाच्या पंगती उठत्यात, तिथं कोरोना येत नाय. निस्ता शाळेतच येतो व्हय? माझं पोरगं दिवसभर मोबाइलवर गोळ्या घालतंय. अजून सहा महिने असंच चाललं तर मलाच घालंल." लोक हसले.

सोनिया नावाची एक सून शहरात क्रांती चौकाजवळच्या दुकानात कामाला होती, ते सुटल्यावर गावी आलेली. ती म्हणाली, "हसू नका. मी शहरात बघितलंय. आमच्या गल्लीत ज्यांच्या घरी म्हातारी माणसं होती त्यांना विचारा. पोराला निस्ती सर्दी होती आन् आजा गेला." हेही खोटं नव्हतं. मग कुणी म्हणालं, सकाळची चारच तास शाळा ठेवा. कुणी म्हणालं, मोठे वर्ग आधी उघडा. सोनियाही म्हणाली, मोठे वर्ग असतील तर माझी हरकत नाही. सभा हळूहळू त्या बाजूला झुकत होती. पुढच्या ताडपत्रीवर बसलेल्या कारभारीनं मागं वळून बायकोकडं पाहिलं आणि मान हलवली. दगडाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला.

तेवढ्यात बद्रीनाथ आला.

बद्रीनाथ गावातला मोसंबीवाला बागायतदार. त्याचं घर शाळेच्या भिंतीला लागून. मागच्या चैत्रात, दुसऱ्या लाटेत, त्याची बायको गेली. तेव्हापासून तो ना सभेला आला, ना पारावर. आज आला ते उन्हातान्हाचं चालून आल्यासारखा दिसत होता, आणि घर तर पलीकडंच. लोकांनी सरकून जागा केली. पुंडलिक सरांनी स्वतःची खुर्ची पुढं केली, पण तो बसला नाही. त्यानं माईक हातात घेतला.

"माझी प्रेरणा मागल्या खेपेला शाळा उघडली तवा शाळेत गेली," तो म्हणाला. "ताप घेऊन आली. तिला काय झालं नाय. तिची आई गेली. पोरीनं आणलं आन् आई गेली. मला इतकंच सांगायचंय. आता उघडायची तर उघडा."

भोंग्यातून ते सगळ्या गावात गेलं.

इथं गावची एक रीत सांगायला हवी. ज्या घरात मयत झाली त्या घरी वर्ष फिरेपर्यंत सण होत नाही. शेजारीपाजारी गोडाचं ताट नेऊन देतात. लग्नाचं आवतण तर सोडाच, लग्नाची गोष्टसुद्धा त्या उंबऱ्यावर कुणी काढत नाही. आणि त्या घराचा माणूस चारचौघांत काही बोलला, तर त्याचा शब्द कुणी मोडत नाही. पाण्याच्या पाळीवरून डोकी फोडणारी माणसंही तेवढा लिहाज ठेवतात. रीत चांगलीच आहे. माणसाला माणसाची कीव असावी, नाहीतर गाव कशाला म्हणायचं? पण कीव करताना माणूस पुढचं बघत नाही.

"कुणाला काही बोलायचंय?" पुंडलिक सरांनी विचारलं. हनुमान ताडपत्रीचा धागा उसवत बसला. सोनियानं पदर डोळ्याला लावला. बद्रीनाथ माईक धरून उभाच होता. तो एकेकाच्या तोंडाकडं बघत होता आणि जो तो नजर खाली घालत होता.

दगडाबाई उठली. मागच्या बाया चकित झाल्या. कारभारीनं वळून पाहिलं. तिला सगळं आठवत होतं, मास्क, लांब लांब बसवणं, वाया जाणाऱ्या पोरी. पण समोर बद्रीनाथ होता. त्याच्या शर्टाची गुंडी एक घर चुकवून लावलेली. पहिल्या टाळेबंदीत याच माणसाच्या ओट्यावर सुकेशनी आणि प्रेरणा एका मोबाइलवर अभ्यास करायच्या, आणि वहिनी, म्हणजे त्याची बायको, दोघींना एका ताटात वाढायची. त्या वहिनीचं तोंडसुद्धा शेवटी कुणाला बघायला मिळालं नव्हतं. दवाखान्यातून परस्परच नेली होती.

"भाऊ," दगडाबाई म्हणाली, "जेवलात का?"

बद्रीनाथनं नुसती मान हलवली. ती खाली बसली. सर माईक घेऊन म्हणाले, "ठीक आहे. पाडवा होऊ द्या. मग बघू." सभा उठली.

घरी सुकेशनी दारातच उभी होती. आईच्या तोंडाकडं पाहून तिला कळलं. "बोललीस का, आई?" एवढंच तिनं विचारलं. दगडाबाई पाण्याची घागर घेऊन हातपंपाकडं गेली आणि तिथं बराच वेळ उगाच हापसत राहिली.

कारभारी आनंदात होता असं नाही. दोन दिवस तो मेंढरांकडंच जेवला. मग म्हणाला, "मी काय पाप करतोय व्हय? जबान तुलाच दिलती." माघाच्या पहिल्या पंधरवड्यात ते तिघं आणि मामा कन्नडकडच्या एका वस्तीवर गेले, आणि परत येताना तिघंच आले. पाठवणीच्या वेळी सुकेशनीनं जीपमध्ये ठेवलेलं दप्तर मागितलं. सासरची बाई म्हणाली, राहू द्या, तिकडं कशाला लागतंय. दगडाबाईनं वाद घातला नाही. रडायचं नाही असं कबूल केलं होतं, ते तिनं जीपमध्ये पाळलं. घरी आल्यावर तिला ते पाळता आलं नाही.

आणि मग, बघा, लाट जशी चढली होती तशी ओसरली. पाडवा लांबच होता, पण आजूबाजूच्या गावांतल्या शाळा भरायला लागल्या आणि आपलीच पोरं मागं पडायला नकोत म्हणून या गावानंही सभाबिभा न घेता शाळा उघडून टाकली. कुणी बद्रीनाथला विचारलं नाही, आणि त्यानंही काही हरकत घेतली नाही. इतकं सोपं होतं ते.

शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळीच बद्रीनाथ दगडाबाईच्या दारात आला. मजुरीला बोलवायला आला असेल असं तिला वाटलं. पण तो हातात पिशवी घेऊन अवघडून उभा राहिला. पिशवीत मोसंबी होती.

"सुकेशनी आवरतीय का?" त्यानं विचारलं. "तिला म्हणावं, जाताना प्रेरणाला हाक मार. ती एकटी जात नाय म्हणती. सुकेशनी आली तर जाईल."

दगडाबाईच्या ध्यानात आलं. याला माहीतच नव्हतं. दुखवट्याच्या घरी लग्नाचं सांगत नाहीत, म्हणून अख्ख्या गावानं त्याला सांगितलं नव्हतं.

"सुकेशनी नाय, भाऊ. दिली तिला. कन्नडकडं."

"दिली? कवा? आवं, पोरगी नववीत हाय!"

"शाळा उघडली असती तर राहिली असती. तशी बोली होती यांची. नाय उघडली."

बद्रीनाथ उंबऱ्याजवळच्या दगडावर बसला. पिशवी मांडीवर घेऊन तो बोलायला लागला.

"मंग तुमी कामून नाय बोलल्या? उठल्या होत्या की तुमी! मी शाळा बंद ठेवायला आलतो का? प्रेरणा रोज म्हणायची, आईला मी मारलं. मी रोज म्हणायचो, नाय गं बाई. तिला पटंना. घरच्या माणसाचं पटत नाय. म्हणलं, चारचौघांत तेच बोलून बघू. कुणीतरी उठंल, कुणीतरी म्हणंल, बद्रीनाथ, काय येड्यासारखं बोलतो, लेकराचा काय दोष? भोंगा घराकडंच तोंड करून होता. ती गच्चीवर बसून ऐकत होती. कुणीच नाय उठलं. तवापासून ती माझ्याशीबी धड बोलत नाय. ती म्हणती, बघा, अख्ख्या गावाला पटलं."

दगडाबाईला त्याचा रागच आला. असा कुठं कौल लावतात का, आपल्या लेकरावर? पण राग धरायला तिच्याकडं तरी तोंड कुठं होतं! ती उठली, पदर खोचला, आणि त्याच्या पुढं चालायला लागली.

प्रेरणा ओट्यावर होती. शाळेचा गणवेश घातलेला, दप्तर मांडीवर. पोर इतकी वाळली होती की दगडाबाईला आधी वहिनीच बसल्यासारखी वाटली. भिंतीपलीकडं पोरांचा गलका चालला होता.

दगडाबाई तिच्याजवळ टेकली आणि तिचा हात हातात घेतला. "बाई, ऐक माझं. तुझा काय बी दोष नाय. ताप साऱ्या गावात होता. तुझी आई तुझ्यामुळं गेली नाय. मी सांगते. गावात कुणालाबी इचार."

प्रेरणानं तिच्याकडं पाहिलं. "मावशी, मग त्या दिवशी कामून नाय सांगितलं? तुमी उठल्या होत्या. मला गच्चीवरून दिसत होतं."

"तुझ्या बापाला वाईट वाटंल म्हणून, बाई."

"आन् मला?" प्रेरणा म्हणाली.

दगडाबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला हुंदका आला. पोरीचा हात तसाच धरून ती सुकेशनीचं नाव घेऊन रडायला लागली. बद्रीनाथ पिशवी हातात धरून अंगणात उभा होता. पलीकडं घंटा झाली, गलका थांबला आणि प्रार्थना सुरू झाली. प्रेरणा त्या दिवशी शाळेत गेली नाही.